बाईचा कप

कामाचा कंटाळा आपल्या सगळ्यांनाच येतो. पण बिनकामाचा कंटाळा काय असतो, ते विचारायचं तर आपल्या या बाईंना विचारा!

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. सव्वीस वर्षं भाषा आणि व्याकरण शिकवलेल्या. यजमानांना कंपनीने दोन वर्षांसाठी परदेशी धाडलं, तेव्हा सासूबाईंनीच आग्रह केला, "जा गं त्याच्याबरोबर, माझं काही अडत नाही. कामाला बाई आहे की." मग बाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि दोन बॅगा भरल्या. एका बॅगेत कपडे, दुसरीत पुस्तकं, आणि पुस्तकांच्या मधोमध शालीत गुंडाळलेला एक निळा कप. शेवटच्या वर्गाने निरोपाला दिलेला. मुलांनी त्यावर रंगाने 'बाईचा कप' असं लिहिलं होतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातूनच त्या म्हणाल्या, "अरे, अनुस्वार कुठाय? आदरार्थी आहे ना ते? बाईचा नव्हे, बाईंचा!" मुलांनी तिथल्या तिथे टिंब दिलं. जरा मोठंच पडलं, पण पडलं.

तर असा हा कप घेऊन बाई पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. यजमान आठला बाहेर पडत ते सहाला येत. बाईंना तिथे पगाराचं काम करायची परवानगी नव्हती. शेजारी जिन्यात हसत आणि दार लावून घेत. एका दुपारी कपडे धुवायच्या मशिनने शिटी दिली, तर बाईंच्या तोंडून निघून गेलं, "हो हो, आले!" मग त्या स्वतःच दचकल्या. आपण मशिनशी बोलायला लागलो की काय!

त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, पगार नको तर नको, फुकट काम करू. समाजसेवा करू!

पण मंडळी, परदेशात फुकट काम मिळवणंही सोपं नसतं बरं का. वाचनालयात गेल्या, तर तिथे मुलांना गोष्टी सांगायला माणूस हवा होता. पण बाईंची तिथली भाषा अजून अडखळत चालणारी. चार वाक्यं बोलून होताच ग्रंथपालबाईंनी गोड हसून भाषेच्या वर्गाचं पत्रक हातात ठेवलं. जिने आयुष्यभर दुसऱ्यांची भाषा तपासली, तिला हे किती लागलं असेल! इस्पितळात गेल्या, तर त्यांनी आठ पानांचा अर्ज दिला, लसींचे दाखले मागितले, पोलिसांचा दाखला मागितला आणि सहा महिन्यांनी कळवतो म्हणाले. भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात जागा होती, पण बाई फाटकापर्यंत गेल्या आणि आतलं भुंकणं ऐकून फाटकावरूनच परतल्या.

शेवटी चार बसथांब्यांवर एका जुन्या इमारतीच्या तळघरात त्यांना एक सार्वजनिक स्वयंपाकघर सापडलं. ज्याला गरज असेल त्याने दुपारी यावं, गरम सूप, पाव नि चहा घ्यावा, कोणी काही विचारत नाही. एक निवृत्त परिचारिका सगळं बघायची. उंच, पांढरे केस, हातात कायम मोठा डाव. सगळे तिला सिस्टर म्हणत.

बाईंनी अर्जावर लिहिलं, 'लोकांना मदत करायची आहे.' खाली अनुभवाच्या रकान्यात सव्वीस वर्षांचं अध्यापन, परीक्षा विभाग आणि स्नेहसंमेलनांचं नियोजन, सगळं मावेल तसं कोंबलं.

सिस्टरने वाचलं आणि विचारलं, "भांडी घासता येतात?"

"येतात," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार!

"एक महिना ये. जमलं तर ओळखपत्र देईन, मग तू आमच्यातलीच. तुला काय म्हणून हाक मारायची?"

"बाई," बाई अभिमानाने म्हणाल्या. "मला सगळे बाई म्हणतात."

झालं! त्यांना वाटलं ही निरोपच घेतेय. सगळं स्वयंपाकघर हात हलवून म्हणालं, "बाय! बाय!" बाईंनी जीव तोडून खुलासा केला तेव्हा कुठे हशा थांबला. त्या दिवसापासून त्यांच्या एप्रनवर 'बाई' अशी पट्टी लागली.

संध्याकाळी यजमानांनी पट्टी पाहिली आणि त्यांना चेष्टेची लहर आली. "वा! सव्वीस वर्षं शाळेच्या बाई होतीस, आता भांड्याची बाई झालीस!"

"काहीतरीच काय बोलता!" बाई एवढ्या फणकारल्या की यजमानांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र बाईंनी लिहिलं, 'एका संस्थेत भोजनव्यवस्था सांभाळते.' भांडी घासण्याचा त्यात उल्लेख नव्हता. आता खोटं काय होतं त्यात? पण खरं तरी काय होतं?

काही असो, बाई रमल्या. कढई घासता घासता भाषा सुटू लागली. तिथे रोज एक म्हातारे गृहस्थ येत. पूर्वी बस चालवायचे. बाईंनी मनातल्या मनात त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायला सुरुवात केली. त्यांचे हात थरथरत. एक जाड कानाचा पिवळा कप होता, तो ते कपांच्या ढिगातून बरोबर शोधून काढत, दोन बोटं कानात अडकवून दुसऱ्या हाताचा टेकू देत आणि सावकाश चहा पीत. जाताना बाईंना रोज एक शब्द शिकवत. आज 'उतार', उद्या 'थांबा', परवा 'सुटे पैसे'. सगळे बसमधलेच शब्द! महिना संपत आला, तसं बाईंना ओळखपत्राचे वेध लागले. त्या घरातून बाहेर पडायला त्यांच्याकडे तेवढं एकच निमित्त होतं, आणि ते कायमचं व्हायला हवं होतं.

शेवटच्या आठवड्यात सिस्टर दोन दिवस रजेवर गेली. बाईंनी ठरवलं, आपण काहीतरी करून दाखवायचं. कपांच्या कपाटात नुसता बाजार होता. कोणी कोणी दिलेले सत्तर-ऐंशी कप, धड-फुटके सगळे एकत्र. बाईंनी पदर खोचला. म्हणजे एप्रन आवळला. सगळे कप बाहेर काढले, उकळत्या पाण्यातून काढले, पुसले. मग धडके, छान छान कप वरच्या फळीवर लावले. कान तुटलेले, टवके उडालेले खालच्या फळीवर. आणि चिकटपट्टीवर तिथल्या भाषेत, मोत्यांसारख्या अक्षरात, वर लिहिलं, 'काम करणारे'. खाली लिहिलं, 'जेवायला येणारे'.

वाचकहो, तुम्हाला वाटेल, लिहिताना हात अडखळला असेल. अजिबात नाही! हात आपोआप चालत होता. वाईट हेतू तर मुळीच नव्हता, आणि मला विचाराल तर हेच सगळ्यात वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रायव्हरकाका आले. खालच्या फळीजवळ घुटमळले, कप इकडेतिकडे केले, त्यांना हवा तो दिसेना. शेवटी त्यांनी एक बिनकानाचा कप उचलला. बाईंनीच त्यात वाफाळता चहा ओतला. काका दोन पावलं चालले असतील नसतील, हात थरथरला, चहा मनगटावर सांडला आणि कप फरशीवर पडून फुटला.

"अगं बाई!" बाई ओरडल्या.

काकांचं मनगट लालभडक झालं होतं. पण ते बाईंकडे बघून म्हणाले, "माफ करा हं. माझ्या हातांचं हे असंच असतं."

बोलता बोलता त्यांची नजर बाईंच्या हातावर गेली. बाईंच्या हातात त्यांचा स्वतःचा चहा होता, जाड कानाच्या पिवळ्या कपात. वरच्या फळीवरचा म्हणून त्यांनीच तो घेतला होता. काकांनी तो कप पाहिला, मग वर लिहिलेलं वाचलं, खाली लिहिलेलं वाचलं, आणि मान वळवली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं.

सिस्टर रजा संपवून नेमकी तेव्हाच दारातून आत येत होती. तिने काकांचा हात गार पाण्याखाली धरला, मलम लावलं, पिवळ्या कपात चहा ओतून तो त्यांच्यासमोर ठेवला. सगळे जेवून जाईपर्यंत ती सूप वाढत राहिली. मग कपाटासमोर उभी राहिली.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"का?"

"स्वच्छता म्हणून," बाई म्हणाल्या. "म्हणजे आपण रोज इथेच असतो. आणि ते लोक काय, बाहेरून येतात."

"तू कुठून आलीस?"

बाई एप्रनची गाठ चाचपायला लागल्या.

"सांग ना. या गल्लीत सगळ्यात लांबून कोण आलंय?"

"आमच्याकडे तशी पद्धत..." बाईंनी सुरुवात केली. कसली पद्धत? ती सांगायला त्यांना त्या भाषेत शब्द सापडेना. आपल्या भाषेत होता. पण तो आपल्या भाषेतही मोठ्याने म्हणवेना!

सिस्टर स्टुलावर बसली. "माझा नवरा गेला तेव्हा दोन महिने मी घरात शेगडी पेटवली नव्हती. याच टेबलावर जेवायचे. तेव्हा मला कुणी खालच्या फळीवरचा कप दिला असता ना, तर दुसऱ्या दिवशी मी आले नसते. आणि तू? अर्जात लिहिलंस, लोकांना मदत करायची आहे. मी तुझा चेहरा बघितला आणि म्हटलं, हिला बोलायला माणूस हवंय. म्हणून तुला घेतलं. भांडी काय, मशिनही घासतं. आता तूच सांग, बाई, तुझा कप मी कुठल्या फळीवर ठेवू?"

सव्वीस वर्षं दुसऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या बाई खालच्या फळीकडे बघत राहिल्या. बिनकानाच्या कपाने त्यांची अशी कानउघाडणी केली!

"तुझं ओळखपत्र आज खिशात घेऊन आले होते," सिस्टर उठत म्हणाली. "पण आज नाही देणार. ही फळी तू पहिल्यांदा लावलेली नाहीस. हात सरावलेला दिसतोय. ती पहिली फळी जिथे असेल तिथली आधी काढ. मग ये."

बाई तीन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. आपल्याला सर्दी झालीये, असं यजमानांना सांगितलं. चौथ्या दिवशी रविवार होता, सकाळी त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस?" यजमान म्हणाले. "कपच फुटला ना? दुसरा नेऊन दे."

"कप नाही हो फुटला. माझं बिंग फुटलं!" बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू कोसळलं. "आपल्या घरी मोरीजवळची खालची फळी आठवते? त्या फळीवरचा कप?"

यजमानांच्या हातातलं वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

आठवत होता. टवका उडालेला, बिनकानाचा पांढरा कप. एकोणीस वर्षांपूर्वी कामाला बाई लागली, त्या पहिल्याच दिवशी तो तिथे ठेवला होता. चुकून कोणी घरातल्याने त्यातून पिऊ नये म्हणून चिठ्ठीही चिकटवली होती. घरातल्या प्रत्येक डब्यावर बाईंच्या हातची चिठ्ठी असे, तशीच ही. 'बाईचा कप'.

बाईचा! अनुस्वार नाही. बाई विसरल्या नव्हत्या हो. व्याकरणाच्या बाई अनुस्वार विसरत नाहीत. तिथे त्यांना तो द्यायचा नव्हता, एवढंच. वर्गात चाळीस मुलांना 'आदरार्थी, आदरार्थी' म्हणून ठणकावायचं आणि घरी येऊन आदर मोरीजवळ ठेवायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

"मीही रोज वाचायचो ती चिठ्ठी," यजमान म्हणाले. "मला कधी काही वाटलं नाही. लाज वाटते आता." त्यांनी स्वतःच घरी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बाईंच्या हातात दिला.

पलीकडे सासूबाई होत्या. गुडघ्यांमुळे खुर्चीतच बसून असायच्या. "बाई आलीये, फरशी पुसतेय," म्हणाल्या.

"आई, जरा त्यांना फोन द्या ना."

"कुणाला त्यांना?"

"बाईंना."

सासूबाईंना काही कळेना. फोन गेला. पडद्यावर ओला हात पदराला पुसणारी ती दिसली. एकोणीस वर्षांत बाईंनी तिच्याशी 'हे राहिलं', 'उद्या लवकर या' याच्यापलीकडे काही बोलल्याचं त्यांनाच आठवेना. आता सुरुवात कशी करावी?

"ताई, बऱ्या आहात ना?" तीच म्हणाली.

"बरी आहे. ऐका ना, फरशी राहू दे. तुमच्या दोघींचा चहा ठेवा. आणि वरच्या कपाटात माझा फुलाफुलांचा सेट आहे, त्यातले कप घ्या. तुम्हीसुद्धा."

"मी चहा घेत नाही ना ताई तुमच्याकडे."

"हो, माहीत आहे. तुम्ही पहिल्याच महिन्यात सोडलात. पित्त होतं ना तुम्हाला?"

ती मग हसली. रागावून नाही, नुसतीच. "पित्त कसलं हो! मला चहा लई आवडतो. समोरच्या घरी रोज दोन कप पिते. तुमच्याकडे जात नाही घशाखाली."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. एकोणीस वर्षं! आणि घरात सगळे कौतुकाने सांगायचे, 'आमच्या बाईला साधं चहाचंसुद्धा व्यसन नाही!'

"मला वाचता येतं, ताई," ती पुढे म्हणाली. "चौथीपर्यंत गेलेय मी शाळेत. पहिल्याच दिवशी वाचली तुमची चिठ्ठी. एक सांगू? कपाचं एवढं नाही वाटलं. तसला कप काय, चार घरी असतो. पण तुमचं अक्षर इतकं सुंदर होतं! मला वाटलं, इतक्या चांगल्या अक्षरात असं कसं लिहिलं असेल?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "फार चुकलं. एकोणीस वर्षं चुकलं. ती चिठ्ठी आत्ता फाडा, तो कप टाकून द्या."

"तुम्हीच लावलीय, मी कशाला फाडू?" ती म्हणाली. आवाजात धार नव्हती, पण माफीही नव्हती. "पाणी गार होतंय ताई, फरशी उरकते."

फोन परत सासूबाईंकडे आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "हे काय नवीन काढलंस?" त्या कुरकुरल्या. "आजवर असंच चालत आलंय."

"आजवर आपलं चुकतच आलंय, आई! तुम्ही पडलात तेव्हा तुम्हाला उचललं कुणी? न्हाऊमाखू कोण घालतं? त्या हातांचा स्पर्श चालतो आणि ओठांचा कप चालत नाही? हे कुठलं व्याकरण? चिठ्ठी माझ्या हातची आहे. मी येईपर्यंत थांबायला नको. माझ्या वतीने तुम्ही फाडाल का?"

सासूबाईंनी "गुडघा दुखतोय" म्हणून फोन ठेवून दिला.

सोमवारी बाई तळघरात गेल्या. ओळखपत्र मागायला नाही. त्यांनी आधी चिकटपट्ट्या सोलून काढल्या, मग बिनकानाचे कप उचलून बाहेर कचऱ्यात टाकले. सूप ढवळता ढवळता सिस्टर बघत होती. "त्या पहिल्या फळीचं काय झालं?" तिने विचारलं.

"सांगितलंय," बाई म्हणाल्या. "अजून निघाली की नाही, ठाऊक नाही. माझ्या घरची आहे आणि माझाच हात तिथवर पोचत नाही." मग पिशवीतून तो निळा कप काढून त्यांनी सगळ्या कपांच्या मधोमध ठेवला.

दुपारी ड्रायव्हरकाका आले. मनगटावर पट्टी होती. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चूक तुमच्या हातांची नव्हती. माझी होती." मोडक्यातोडक्या भाषेत, पण मोठ्याने. काकांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी शब्द मात्र शिकवला नाही.

ओळखपत्रही मिळालं नाही. बाईंनी विचारलं नाही, सिस्टरने दिलं नाही. भांडी रोज होती, आणि बाई रोज येत होत्या. यजमानांना डबा देताना त्या स्वतःच म्हणत, "चला, भांड्याच्या बाई निघाल्या!" नातेवाइकांच्या ग्रुपवरही त्यांनी खरं काय ते लिहून टाकलं. दोघांनी नमस्कार टाकले, बाकीचे गप्प बसले.

तीन आठवडे गेले. सासूबाई मोबाइलवर संदेश लिहीत, पण अनुस्वाराच्या भानगडीत कधी पडत नसत. 'औषध घेतल', 'जेवण झाल', 'इथे सगळ ठीक'. बाईंनी ते शुद्धलेखन दुरुस्त करायचं कधीच सोडून दिलं होतं. त्या दिवशी साबणाचे हात पुसून त्यांनी फोन बघितला, तर त्यात लिहिलं होतं,

'चिठ्ठी मी फाडली. आज बाईंचा चहा आपल्याकडेच झाला. अर्धा कप घेतला.'

बाईंनी ते पुन्हा वाचलं. आपला चष्मा पुसला आणि परत वाचलं. टिंब जागेवर होतं!

सिस्टरने लांबूनच विचारलं, "काय गं, वाईट बातमी?"

 बाईंनी फोन तिच्यासमोर धरला आणि त्या एवढ्याशा टिंबावर बोट ठेवलं. सिस्टरला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, खिशात हात घातला आणि ओळखपत्र त्यांच्या ओल्या हातात ठेवलं.

मंडळी, सेवा करायला माणूस कुठल्या कुठे जातो, अर्ज भरतो, दाखले जोडतो. जावं, जरूर जावं! पण निघण्याआधी आपल्या मोरीजवळची फळी एकदा वाकून बघावी. ज्या हाताने आपण घरात माणसं वेगळी काढतो, तोच हात घेऊन आपण जगभर फिरतो. तिथे एखादा वेगळा कप दिसला, तर आजच उचला. एकोणीस वर्षं थांबलात, तर पुढे मिळतो तो अर्धाच कप.